न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर

षड्रिपूंच्या यादीत मत्सर शेवटी येतो. काम, क्रोध, लोभ यांच्यावर कीर्तनं होतात. बुवा मत्सरापर्यंत पोचतात तेव्हा लोक चपला शोधायला लागलेले असतात. त्यामुळे या विकाराबद्दल समाजाचं म्हणावं तसं प्रबोधन झालेलं नाही. माझं तर मुळीच झालं नाही. संपादकांनी माझ्याकडे 'व्यवसायातले प्रेरणादायी क्षण' मागितले आहेत. क्षण आहेत, पण सगळ्यात स्वच्छ आठवतो तो काही प्रेरणा देणारा नाही.

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत, पत्र्यातून नक्षी कापून देणाऱ्या एका कारखान्यात मी ड्राफ्ट्समन होतो. बंगल्यांची गेटं, खिडक्यांच्या जाळ्या, देव्हाऱ्यामागची प्रभावळ, दुकानांच्या पाट्या असा माल. गिऱ्हाईक चित्र आणतं, ड्राफ्ट्समन ते कॉम्प्युटरवर, कॅड नावाच्या प्रोग्राममध्ये रेघांनी काढतो आणि लेझरचं मशीन त्या रेघांवरून पत्रा कापत जातं. मशीनला मोर कळत नाही की गणपती कळत नाही. त्याला वाट कळते. जिथून निघालो तिथेच परत आलो की त्याचं समाधान होतं. वाट मधेच तुटली तर ते एक तर थांबतं, नाही तर भलतंच कापतं.

आता गंमत अशी की, पडद्यावर दोन रेघांची टोकं टेकलेली दिसली तरी त्या एक झालेल्या नसतात. शेजारी राहणं आणि संसार करणं यात जेवढा फरक, तेवढाच इथे असतो. एका मोरपिसाऱ्यात अशा शेकडो शेजारणी. त्यांना एकेक करून जोडायचं आणि त्यांची एकच सलग, बंद रेघ करायची, हे माझं काम. त्या सलग रेघेला पॉलीलाइन म्हणतात. हे काम कंटाळवाणं आहे असं लोक म्हणायचे. मला ते कधीच तसं वाटलं नाही. कारखान्यात ते माझ्याइतकं चांगलं कुणाला येत नाही, एवढं माहीत असलं की कंटाळा येत नाही.

माझ्या वैभवाच्या काळातलं एक उदाहरण देतो. खरवईचे गणपतशेठ. शेतकरी माणूस, जमीन गेली, बंगला आला, गोठा राहिला नाही, म्हणून बैल गेटवर आणायचे ठरले. बैलाचं नाव सर्जा. पुतण्याने फोटोवरून चित्र तयार केलं होतं आणि दुसऱ्या एका वर्कशॉपने ते कापलंही होतं. तो पत्रा टेंपोत घालून गणपतशेठ आमच्या दारात आले.

"मास्तर, माजे सर्जाचा शेपूट बगा कुठं हाय."

शेपूट नव्हतं. चित्रातली रेघ चुकीच्या जागी जोडली गेली होती, त्यामुळे मशीनने शेपूट वेगळं कापून टाकलं होतं.

"कापताना सुटलं," मी म्हणालो.

"सुटला? आवो, शर्यतीला हा सुटता सुटत नव्हता, आनि पत्र्यात बरा सुटला!"

मी सर्जा नव्याने जोडायला घेतला. शिंगं, वशिंड, खूर, गळ्यातली घुंगुरमाळ, सगळं. काम झालं तेव्हा गणपतशेठ घरच्या काकड्यांची पाटी घेऊन आले आणि मशीनपाशी उभं राहून "याला म्हंतात हात" असं मोठ्याने म्हणाले. आमचे मालक गोपसेठ तिथेच होते. उल्हासनगरचे सिंधी गृहस्थ, स्तुती दुसऱ्याने केली की त्यांचा विश्वास बसायचा. त्या दिवसापासून बैल, घोडा, वाघ, जे काही चार पायांवर चालतं ते माझ्याकडे यायला लागलं.

मग मानसी आली.

अंबरनाथ पश्चिमेची मुलगी, डिप्लोमा झालेली, कामाला चोख. इथपर्यंत माझी तक्रार नव्हती. ती मला काका म्हणायची, ही मात्र होती. गोपसेठ मला मास्टर म्हणत आणि तिला बेटा. मास्टर पगारावर असतो, बेटा वारसदार असतो, एवढं हिंदी मला कळतं. शिवाय ती वाचायची. आमच्या कारखान्यात डब्याच्या सुट्टीत पुस्तक उघडणारा माणूस इतकी वर्षं एकच होता, आणि त्यावर माझी थोडीफार प्रतिष्ठा उभी होती. तीही गेली.

मानसीने एक स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे कॅडला दिलेली हुकमांची चिठ्ठी: आधी हे कर, मग ते कर, मी बघत बसणार नाही. तिची चिठ्ठी अशी होती की, ड्रॉइंगमधल्या सगळ्या सुट्या रेघा उचलायच्या आणि एका फटक्यात जोडून टाकायच्या. चाचणीसाठी तिने कोणतं ड्रॉइंग घेतलं असेल? सर्जा. त्याची जोडायच्या आधीची मूळ फाइल.

मी चहाला गेलो होतो. परत आलो तर तिच्या टेबलाभोवती घोळका, आणि पडद्यावर अखंड बैल.

"काका, बघा ना!" ती म्हणाली. तिच्या आवाजात मला खिजवण्याचा लवलेश नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

मी बघितलं. शेपटाच्या बुंध्याशी चित्र मोठं करून बघितलं. कानाशी बघितलं. फट नव्हती.

"चांगलं आहे," मी म्हणालो. हे दोन शब्द उच्चारायला मला जेवढे कष्ट पडले, तेवढे सर्जाला पडले नसतील.

घरी मी याच विषयावर बोलत असणार, कारण एकदा बायको म्हणाली, "कधीपासून मानसी मानसी ऐकतेय. तिला एकदा जेवायला तरी बोलवा. निदान चेहरा कळेल."

पण लवकरच एक आनंदाची गोष्ट माझ्या लक्षात आली. स्क्रिप्ट कधी कधी चालायची नाही. सकाळी चालली तर दुपारी नाही. जाळीवर चालली, पाटीवर नाही. मधेच थांबायची आणि रेघा होत्या तशाच सुट्या. मानसी मान खाली घालून हाताने जोडायला बसायची आणि कुणी विचारलं तर म्हणायची, "ड्रॉइंगच कचरा आलंय." ते लोकांना पटायचं. गिऱ्हाइकांची ड्रॉइंगं कचरा असतातच. मला पटायचं नाही, पण मी ते सांगायला गेलो नाही. मला कुणी विचारलं नव्हतं, आणि तिचं बटण अडलं की माझा चहा गोड लागायचा.

आमच्याकडे दसऱ्याची एक पद्धत होती. सगळ्या यंत्रांची पूजा झाली की लेझरवर पहिला पत्रा कापायचा तो शुभ-लाभाचा, आणि तो आलेल्या पाहुण्यांतल्या सर्वांत मोठ्या माणसाला द्यायचा. कॉम्प्युटरांची पूजा माझ्या कॉम्प्युटरवर व्हायची, कारण तो कारखान्यातला सर्वांत जुना. बाकीचे त्याच्या मागून आलेले. मॉनिटरला कुंकू, सीपीयूच्या डब्याला झेंडूची माळ, आणि की-बोर्डवर सांडलेली हळद पुढे कितीतरी दिवस. शुभ-लाभाचं ड्रॉइंग दर वर्षी मी जोडायचो. पूजा आणि कटिंग यांच्या मधला तो वेळ माझा असायचा. सगळे गप्प उभे राहून बघायचे.

त्या वर्षी गोपसेठांनी फ्लेक्स छापला. त्यावर स्थानिक नगरसेवक हात जोडून हसत होते आणि खाली लिहिलं होतं, 'स्वयंचलित रेषा-जोडणी प्रणालीचे उद्घाटन'. मानसीने लिहिलेल्या काही ओळींना एवढं नाव मिळालेलं पाहून ती स्वतःच लाजली. मॉनिटरला लाल रिबन बांधली होती. रिबन कापून नगरसेवकांनी एंटर दाबायचं होतं. माझ्या कॉम्प्युटरवर. दर वर्षी मी ज्या खुर्चीत बसायचो तिच्यामागे मी उभा होतो आणि प्रसादाचं ताट कुणीतरी माझ्याच हातात दिलं होतं.

रिबन कापली. टाळ्या झाल्या. नगरसेवकांनी एंटर दाबलं.

काही झालं नाही. म्हणजे, खालच्या पट्टीत एक इंग्रजी तक्रार उमटली आणि स्क्रिप्ट थांबली. शुभ एकीकडे, लाभ एकीकडे, दोन्ही सुटे.

"पुन्हा दाबू का?" नगरसेवकांनी विचारलं. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. मानसी पुढे झाली. "माझ्या मशीनवर आत्ता सकाळी चाललं होतं," ती म्हणाली. "हीच फाइल. हीच स्क्रिप्ट."

ते वाक्य तिने कुणालाही उद्देशून म्हटलं नव्हतं. पण तिच्या मशीनवर चालतं आणि माझ्या मशीनवर चालत नाही, याचा अर्थ लोक आपापल्या कुवतीप्रमाणे लावतात. सगळे माझ्याकडे बघायला लागले. हातात प्रसादाचं ताट असलेला माणूस निष्पाप दिसत नाही, हे मला तेव्हा कळलं.

मी ताट ठेवलं, खुर्चीत बसलो आणि हाताने रेघा जोडल्या. कुणी गप्प उभं राहिलं नाही. पाहुणे पेढे खात होते, आणि पत्रा कापून होईपर्यंत नगरसेवक पुढच्या उद्घाटनाला निघून गेले.

लेझर चालवणारा रफिक माझा जुना दोस्त. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "मास्टर, सच बोलना. कुछ किया क्या?"

"नाही रे."

"नहीं, किया होगा तो भी मैं किसी को बोलेगा नहीं."

जिवलग मित्राचा हा विश्वास. मी काही केलं नव्हतं. तसं काही करावं असं मनात आलंच नव्हतं, असं मात्र मी म्हणणार नाही. पण मनात आलेल्याचा पंचनामा होत नसतो.

दुसऱ्या दिवशी गोपसेठांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. "देखो मास्टर," ते म्हणाले, "मेरी बिरादरी के सामने नाक कट गयी. अब दो ही बात है. या तो लडकी का प्रोग्राम खराब है, या किसी ने तुम्हारे कॉम्प्युटर में हाथ किया है. और तुम्हारे कॉम्प्युटर को तुम्हारे सिवा कौन हाथ लगाता है, साईं?"

"कुणी नाही," मी म्हणालो. हे खरं होतं. मी कुणाला लावू देत नसे.

"तो ढूंढो. दोनों मिल के ढूंढो. फिर जिसका काम है उसका फैसला करूंगा."

बाहेर आल्यावर मला परिस्थितीचा नकाशा दिसला. दोष सापडला नाही, तर मी मत्सरी म्हणून घरी जाणार. सापडला, तर मानसीची स्क्रिप्ट निर्दोष होणार, आणि मग शेकडो शेजारणींचे संसार लावून देणाऱ्या मध्यस्थाची गरज कुणाला उरणार? स्वतःचं नाव वाचवायचं तर स्वतःचं काम बुडवावं लागत होतं. आणि हे सगळं मला त्याच मुलीशेजारी बसून, तिच्या मदतीने करायचं होतं.

आम्ही माझ्या कॉम्प्युटरपुढे बसलो. मी आधी मला हवे होते ते दोष शोधले. टोकांमध्ये बारीक फटी आहेत का? नव्हत्या. एकावर एक दोन रेघा पडल्यात का? नाही. काही रेघा वेगळ्या उंचीवर आहेत का? वरून बघताना टेकलेल्या दिसतात आणि प्रत्यक्षात एक जमिनीवर नि एक माळ्यावर, असं कॅडमध्ये होतं. तेही नव्हतं. ड्रॉइंग स्वच्छ होतं. ते मीच काढलेलं होतं, त्यामुळे त्याचा अभिमान वाटावा की वाईट वाटावं, तेही धड ठरेना.

शेवटी मी म्हणालो, "तुझी चिठ्ठी मोठ्याने वाच. तू वाचशील ते मी हाताने टाइप करतो. मीच स्क्रिप्ट आहे असं समज."

तिने वाचायला सुरुवात केली. "पेडिट."

जोडण्याच्या हुकमाचं हे नाव. मी टाइप केलं.

"पहिली रेघ निवडा."

निवडली.

"आता तो विचारेल, ही पॉलीलाइन नाही, करू का? वाय दाबा. म्हणजे हो."

मी पडद्याकडे बघितलं. "तो विचारत नाहीये."

"विचारतो ना. सगळ्यांना विचारतो."

"मला नाही विचारत."

"काका, असं कसं? तो विचारतोच."

"अगं, नाही विचारत! त्याने थेट पुढचा प्रश्न टाकलाय, काय करू म्हणून. बंद करू, जोडू, जाड करू?"

ती वाकून बघायला लागली. आणि त्या क्षणी मला आठवलं. फार वर्षांपूर्वी मी तो प्रश्न बंद करून टाकला होता. दर रेघेला 'करू का?' विचारायचा आणि दर वेळी माझं उत्तर 'हो' असायचं. कॅडमध्ये एक सेटिंग असतं. ते बदललं की तो विचारायचं सोडतो आणि निमूटपणे रेघ पॉलीलाइन करून घेतो. जुना नोकर कसा न विचारता चहात साखर घालतो, तसं. मी ते करून विसरलो होतो. प्रत्येक मुरलेला ड्राफ्ट्समन आपला कॉम्प्युटर असा आपल्या हाताला लावून घेतो. म्हणूनच आम्ही तो दुसऱ्याला देत नाही.

"म्हणजे," मानसी सावकाश म्हणाली, "माझी स्क्रिप्ट 'हो' म्हणतेय, आणि कुणी काही विचारलेलंच नाही."

"आणि तो 'हो' त्याने पुढच्या प्रश्नाचं उत्तर समजून घेतला. जाड करू की जोडू, तर म्हणे हो. तो बिचारा काय करणार?"

ती हसली नाही. तिने आपली चिठ्ठी वरपासून पुन्हा वाचली. मग म्हणाली, "काका, माझ्या मशीनवर पण ती कधी कधी अडते."

"माहीत आहे," मी म्हणालो. जरा लवकरच म्हणालो.

"मी ड्रॉइंगला नावं ठेवायचे. पण पहिली निवडलेली रेघ आधीच पॉलीलाइन असेल, तर तिथेही तो विचारणार नाही ना? तिथेही माझा 'हो' फुकट. शी! ड्रॉइंग नव्हतं वाईट."

झालं. अर्धा दोष मी शोधला होता आणि उरलेला अर्धा तिने जागच्या जागी, मला न विचारता. मला त्या अर्ध्याचाही हेवा वाटला.

आता गोपसेठांना सांगायचं होतं. केबिनपर्यंत चालत जाताना मी वाक्य जुळवत होतो. दोन वाक्यं शक्य होती आणि दोन्ही खरी होती. 'हिच्या स्क्रिप्टमध्ये दोष आहे' हे एक. 'माझ्या मशीनचं सेटिंग वेगळं आहे' हे दुसरं. पहिल्याने माझं नाव आणि काम, दोन्ही वाचलं असतं. पण चालता चालता दुसरं वाक्य मला आवडायला लागलं. त्यात मोठेपणा होता. पन्नाशी उलटलेला अनुभवी माणूस एका पोरीला सांभाळून घेतो, हे चित्र मला माझ्या डोळ्यांपुढे फार छान दिसलं. रफिक बघत असता तर अजून बरं. मी घसा साफ केला.

"सेठजी," मानसी म्हणाली, "माझी चूक होती. काकांनी काहीच केलं नव्हतं. त्यांचं मशीन बरोबर आहे, माझी स्क्रिप्ट समोरच्याचं ऐकून घेत नव्हती. काकांनीच पकडलं."

मी उघडलेलं तोंड मिटलं.

गोपसेठांनी माझ्याकडे पाहिलं. "मास्टर, तुमको कुछ बोलना है?"

"नाही," मी म्हणालो. बोलायचं होतं ते सगळं संपलं होतं. आयुष्यात मोठेपणा दाखवायची एक धडधडीत संधी आली होती, तीही ती घेऊन गेली. वर माझं कौतुक करून गेली.

"तो बेटा, ठीक करो," गोपसेठ म्हणाले. "और मास्टर, माफ करना. मेरे को लगा..." काय लागलं ते त्यांनी सांगितलं नाही. सगळ्यांनाच ते लागलं होतं.

तिने त्याच दुपारी स्क्रिप्ट दुरुस्त केली. मला वाटलं होतं, ती माझं सेटिंग बदलायला सांगेल आणि मी थोडा भाव खाईन. तिने सांगितलं नाही. नवी स्क्रिप्ट माझ्या कॉम्प्युटरवर टाकली आणि म्हणाली, "चालवा." मी शुभ-लाभ घेतलं, बटण दाबलं. सगळं एका क्षणात एक झालं. मग गिऱ्हाइकाची एक मोठी जाळी घेतली, वेली-पानांची, जिच्यासाठी मी उद्याचा दिवस राखून ठेवला होता. तीही झाली. उद्याचा दिवस तसाच माझ्यापुढे पडून राहिला.

सगळे चहाला गेले तेव्हा मी तिची स्क्रिप्ट उघडली. कारण उघड आहे: दोष शोधायला. ओळी थोड्याच होत्या, सगळ्या कंसांत गुंडाळलेल्या. सुरुवातीला ती कॉम्प्युटरला विचारत होती, तुझं सेटिंग काय आहे? उत्तर बाजूला ठेवून घेत होती. मग आपल्याला हवं तसं सेटिंग करून, म्हणजे तो 'करू का?'च बंद करून, रेघा जोडत होती. आणि शेवटच्या ओळीत, बाजूला ठेवलेलं ज्याचं होतं तसं त्याला परत करत होती. माझ्या मशीनवर माझं, तिच्या मशीनवर तिचं. काम झाल्यावर आपण आलो होतो याची खूण मागे राहू नये, असं ते लिहिलेलं होतं.

मी ते पुन्हा वाचलं. इतकी वर्षं मी रेघा जोडल्या, बंद केल्या, लोकांचे बैल शेपटासकट घरी पाठवले. पण दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर बसलो, तर उठताना त्याचं सेटिंग परत लावून ठेवावं, हे मला कधी सुचलं नव्हतं. इतका निखळ, भेसळ नसलेला हेवा मला त्याआधी कधी वाटला नव्हता. त्यात राग नव्हता, अन्याय झाल्याची कुरकुर नव्हती. धरून बसायला काहीच नव्हतं.

मानसी चहा घेऊन परत आली. एक कप माझ्यासाठी आणला होता. मी शेजारची खुर्ची ओढली.

"ही शेवटची ओळ," मी म्हणालो, "कशी लिहिलीस ते सांग."

"आत्ता? चहा निवेल, काका."

"निवू दे. हेवा करायचा, तर तो अर्धवट माहितीवर करू नये."

ती हसली. तिला वाटलं, मी विनोद केला. मग तिने वही ओढली आणि पहिल्या कंसापासून शिकवायला लागली.